भाडेकरूला हक्क द्या : भाड्याच्या सॉफ्टवेअरबाबत लघुउद्योजकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान, भारत सरकार
मा. मंत्री, ग्राहक व्यवहार, भारत सरकार
मा. मंत्री, कंपनी व्यवहार, भारत सरकार
मा. मंत्री, सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग, भारत सरकार

माहितीसाठी प्रत : माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र शासन, सॉफ्टवेअर भाड्याने देणाऱ्या देशी-विदेशी कंपन्या

विषय : इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या व्यवहारात लहान उद्योगांना किमान कायदेशीर संरक्षण मिळणेबाबत.

महोदय,

कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या लहान उद्योगांची ही संघटना आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावचे फाउंड्रीवाले, कुपवाडचे मशीन शॉपवाले, इचलकरंजीचे यंत्रमागधारक आणि सूतव्यापारी, सांगलीचे हळद-बेदाण्याचे अडते आणि या सगळ्यांची विवरणपत्रे भरणारे कर सल्लागार आमचे सभासद आहेत. धंदे निराळे असले तरी गेल्या दहा-बारा वर्षांत एक खर्च सगळ्यांच्या वहीत येऊन बसला आहे. हिशेबाचे, बिलिंगचे, पगारपत्रकाचे, डिझाइनचे, ईमेलचे सॉफ्टवेअर आता विकत घेण्यापेक्षा महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरून वापरले जाते. पैसे थांबले की लॉगिन थांबते.

हे एका रात्रीत झाले नाही. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोत सेल्सफोर्स निघाली, तेव्हा ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचे सॉफ्टवेअर ब्राउझरमधून भाड्याने देण्याची कल्पना अनेकांना चमत्कारिक वाटली होती. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ऑफिस ३६५ आणले. मे २०१३ मध्ये ॲडोबीने जाहीर केले की क्रिएटिव्ह सूटची पुढची आवृत्ती विक्रीला येणारच नाही. फोटोशॉप, इलस्ट्रेटर हवे असेल तर वर्गणी भरा. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये ऑटोकॅडसह बहुतेक उत्पादनांचे कायमचे परवाने विकणे बंद केले. आमच्याकडच्या पॅटर्न बनवणाऱ्याला किंवा फ्लेक्स छापणाऱ्याला यातले काहीच कोणी विचारले नव्हते. दुकानदार आता सीडी देत नाही, लिंक पाठवतो, एवढेच त्यांना कळले. अर्थात सगळ्यांनी हा रस्ता धरलेला नाही. बंगळुरूची टॅली आजही कायमचा परवाना विकते आणि भाड्यानेही देते. ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण विक्री आणि भाडे शेजारी शेजारी नांदू शकतात याचा तो पुरावा आहे.

आम्ही भाड्याच्या विरोधात नाही

हे आधीच स्पष्ट केलेले बरे, कारण अशा मागण्या केल्या की ‘यांना जुने दिवस परत हवेत’ असे म्हणून फाइल बाजूला ठेवली जाते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेचे पाणी आमच्या बाजारपेठांत शिरले. २०२१ च्या जुलैत चिपळूणकरांनी वाशिष्ठीचे पाणी पाहिले. तळमजल्यावरचे संगणक, हार्डडिस्क, बॅकअपचे पेनड्राइव्ह आणि कापडात बांधलेल्या वह्या एकाच चिखलात गेल्या. ज्यांचे हिशेब दूरच्या सर्व्हरवर होते, ते पाणी ओसरल्यावर नव्या लॅपटॉपवर कामाला लागले. बाकीचे व्यापारी बँकेच्या स्टेटमेंटवरून आणि समोरच्या पार्टीच्या खातेउताऱ्यावरून आपली खतावणी पुन्हा जुळवत बसले. भाड्याच्या सॉफ्टवेअरची याहून चांगली जाहिरात कुठल्याही कंपनीने आजवर केलेली नाही.

करांच्या नियमांचेही तसेच. ई-इन्व्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीला लागली आणि टप्प्याटप्प्याने उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर बदलण्याची कटकट भाडे घेणाऱ्याने सोसली, आम्हाला सकाळी बिलात नवा दर तयार मिळाला. सुरुवातीला मोठी रक्कम गुंतवावी लागत नाही, सर्व्हर ठेवावा लागत नाही, नवा कारकून आला की एक लॉगिन वाढवता येते. चोरीच्या कॉपीवर चाललेली कित्येक दुकाने या पद्धतीमुळेच परवान्यावर आली, हेही खरे आहे.

तक्रार भाड्याबद्दल नाही. भाडेकरूला कसलाच हक्क नाही, याबद्दल आहे.

दुकानाचा भाडेकरू आणि लॉगिनचा भाडेकरू

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. गाळ्याचे भाडे थकले तरी मागणीची नोटीस देऊन नव्वद दिवस उलटल्याशिवाय मालकाला ताब्याचा दावा लावता येत नाही. कलम १५ तसे सांगते. पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडायला कलम २९ मनाई करते. गाळा सोडताना भाडेकरू आपला माल आणि आपल्या वह्या घेऊन जातो, आणि त्याबद्दल कोणाला शंकाही येत नाही.

याच कायद्याचे कलम ३ आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना त्या कलमाने संरक्षणाबाहेर ठेवले. म्हणजे व्यापारी जागेचा भाडेकरूसुद्धा दुबळा असू शकतो, आणि मोठ्या भाडेकरूला कायद्याच्या आधाराची गरज नसते, या दोन्ही गोष्टी या राज्याने पंचवीस वर्षांपूर्वीच ओळखल्या होत्या. मोठी कंपनी सॉफ्टवेअर घेते तेव्हा तिचे वकील करारातले शब्द बदलून घेतात. आमचा सभासद ‘मी सहमत आहे’ या चौकोनात खूण करतो. तो करार कितीही पानांचा असला तरी त्यातला स्वल्पविराम बदलण्याची ताकद त्याच्यात नाही. त्या करारात सहसा असे लिहिलेले असते की कंपनी सेवा केव्हाही बदलू शकते, दर बदलू शकते, खाते स्थगित करू शकते, आणि नुकसान झाले तर जबाबदारी फार तर भरलेल्या वर्गणीएवढी.

या पार्श्वभूमीवर पुढील मागण्या आहेत. त्यांचे महत्त्व सारखे नाही. पहिल्या दोन मिळाल्या तर बाकीच्यांसाठी आम्ही थांबू शकतो.

मागणी पहिली : आमच्या वह्या आम्हाला, पूर्ण आणि वापरता येतील अशा, परत मिळाव्यात

सरकार एका हाताने आमच्यावर वह्या जपण्याचे बंधन घालते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. कंपन्यांच्या हिशेब-नियमांप्रमाणे इलेक्ट्रॉनिक वह्यांची प्रत भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवली गेली पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे ऑडिट ट्रेल, सक्तीची आहे. कोणी, कोणत्या तारखेला, काय बदलले हे त्यात दिसायला हवे, ती नोंद बंद करता येता कामा नये, आणि ती जपली आहे का यावर लेखापरीक्षकाला अहवालात लिहावे लागते.

आता दुसरा हात पाहा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये या वह्या आहेत त्याचे भाडे थांबवले, तर काही करारांत ३० दिवसांनी, काहींत ९० दिवसांनी सगळे पुसले जाते. कायदा आठ वर्षे म्हणतो, करार तीन महिने म्हणतो, आणि या दोघांच्या मधल्या खड्ड्यात सभासदाने पडायचे. दुसरे सॉफ्टवेअर आवडले तरी जुन्याचे भाडे नुसते वह्या पाहता याव्यात म्हणून भरत राहणारे सभासद आमच्यात आहेत. एकाच धंद्याची दोन-दोन भाडी.

‘एक्सेलमध्ये उतरवून घ्या’ असे उत्तर मिळते. ते ज्यांनी दिले त्यांनी बहुधा कधी तपासणी अधिकाऱ्यासमोर बसून पाहिलेले नाही. एक्सेलमध्ये आकडे येतात. व्हाउचरला जोडलेले बिल सुटते, पावती आणि बिल यांचा दुवा तुटतो, खर्चाच्या वर्गवारीची रचना सपाट होते, आणि ज्या ऑडिट ट्रेलसाठी कायद्याने एवढा आग्रह धरला तो बहुतेक वेळा येतच नाही. तो सॉफ्टवेअरच्या पोटातच राहतो. म्हणजे कायद्याला हवी असलेली नेमकी तीच गोष्ट आम्हाला परत मिळत नाही.

म्हणून आमची मागणी अशी : भाडे चालू असताना केव्हाही, विनाशुल्क, जोडलेल्या कागदांसह आणि बदलांच्या नोंदीसह सर्व माहिती उतरवून घेता आली पाहिजे. तिची मांडणी जाहीर केलेली असावी, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला ती वाचता येईल. भाडे थांबल्यानंतर किमान १८० दिवस ही सोय राहावी. त्यापुढे कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत नुसते वाचण्यापुरते लॉगिन नाममात्र शुल्कात द्यावे, किंवा उतरवलेली माहिती वाचणारे मोफत साधन द्यावे. यातले काय परवडते ते कंपनीने ठरवावे.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी युरोपकडे पाहावे. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्याप्रमाणे ग्राहकाला सेवा बदलायची असेल तर पूर्वसूचनेची मुदत दोन महिन्यांहून जास्त असू शकत नाही, स्थलांतर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत करून द्यावे लागते, त्यानंतर माहिती उतरवून घ्यायला किमान ३० दिवस मिळतात, आणि १२ जानेवारी २०२७ पासून सेवा बदलण्याचे शुल्क घेताच येणार नाही. ज्या कंपन्या हे युरोपातल्या ग्राहकाला देणार आहेत, त्यांपैकी कित्येक आमच्याकडूनही भाडे घेतात. हॅम्बुर्गच्या दुकानदाराला जे मिळते ते हातकणंगल्याच्या दुकानदाराला द्यायला तांत्रिक अडचण कोणती?

आपल्याकडे २०१९ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात माहिती सोबत नेण्याचा हक्क होता. २०२३ च्या कायद्यातून तो गळला. आणि तो कायदा माणसाच्या वैयक्तिक माहितीचा आहे. आमचा स्टॉक, आमची उधारी, आमचे भाव त्यात मुळात बसत नाहीत. त्यामुळे स्वतंत्र नियमाची गरज आहे.

एक मार्ग कायदा न बदलताही मोकळा आहे. ई-इन्व्हॉइस आणि विवरणपत्रांसाठी जीएसटी नेटवर्क काही कंपन्यांना सुविधा पुरवठादार म्हणून मान्यता देते. या मान्यतेच्या अटींतच ‘करदात्याची माहिती मागताच पूर्ण परत द्यावी’ ही ओळ घालता येईल. ती घातली की आमच्या निम्म्याहून अधिक चिंता कोणत्याही अधिवेशनाची वाट न पाहता मिटतील.

मागणी दुसरी : नोटिशीशिवाय कुलूप नको

इचलकरंजीच्या एका सूतव्यापाऱ्याची हकीकत सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५,००० रुपयांपर्यंतची नियमित वर्गणी कार्डावरून आपोआप कापली जाते, त्यावरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. नियम चांगला आहे, ग्राहकाच्या पैशाचे रक्षण करतो. या व्यापाऱ्याची वार्षिक वर्गणी त्या मर्यादेच्या वर गेली, आणि ओटीपी गेला नोकरी सोडून गेलेल्या हिशेबनीसाच्या मोबाइलवर. रक्कम कापली गेली नाही. स्मरणाचे ईमेलही त्याच हिशेबनीसाच्या खात्यात पडून राहिले. महिन्याच्या १९ तारखेला लॉगिन बंद. जीएसटीचे ३-बी विवरणपत्र भरायची मुदत २०. पैसे भरायची तयारी होती, पण मदतकेंद्रात माणूस भेटेपर्यंत मुदत टळली, आणि विलंब शुल्क भरले ते व्यापाऱ्याने. विक्रेत्याचे नाव आम्ही घेत नाही, कारण दुसऱ्या विक्रेत्याकडेही हेच घडले असते. त्याने करार मोडलेला नाही. करारच तसा आहे.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध घातले. गुजरातेत वाडीनारला तिचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे आणि रशियाच्या रोसनेफ्टचा तिच्यात ४९.१३ टक्के वाटा आहे. मायक्रोसॉफ्टने तिला मिळणाऱ्या ईमेलसारख्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि त्यानंतर काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. कोणत्याही भारतीय न्यायालयाने किंवा अधिकाऱ्याने ईमेल बंद करा असे सांगितले नव्हते. पैसे भरलेले होते. नायराला दिल्लीत ज्येष्ठ वकील उभे करता आले. शिरोलीचा फाउंड्रीवाला निर्यातीच्या एखाद्या ऑर्डरमुळे अशा यादीत चुकून अडकला तर तो कोणाच्या दारात उभा राहणार?

आमची मागणी : भाडे थकल्यास तीस दिवसांची नोटीस द्यावी आणि त्या तीस दिवसांत निदान वाचण्याची, माहिती उतरवण्याची आणि विवरणपत्र भरण्याची सोय चालू राहावी. नोटीस ईमेलबरोबर नोंदवलेल्या दोन मोबाइल क्रमांकांवरही जावी. भाडे भरलेले असताना भारतातल्या न्यायालयाच्या किंवा सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय कोणाही भारतीय उद्योगाचे त्याच्या स्वतःच्या माहितीपर्यंत जाणे रोखले जाऊ नये. फसवणूक किंवा सायबर हल्ला चालू असेल तर तात्काळ कुलूप लावायला आमचा आक्षेप नाही.

सायबर हल्ल्याचा विषय निघालाच आहे. ३१ जुलै २०२४ ला सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचे जाहीर झाले. ही टीसीएस आणि स्टेट बँकेची संयुक्त कंपनी. लहान बँका तिच्याकडून बँकिंगची यंत्रणा भाड्याने घेतात. देयकांचे जाळे चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिला त्या जाळ्यापासून वेगळे केले आणि सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे यूपीआयसारखे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झाले, पण सहकारी बँकांवर उभ्या असलेल्या आमच्यासारख्या भागात हा इशारा पुरेसा होता. एका छपराखाली तीनशे भाडेकरू असले की छप्पर गळल्याची खबर त्यांना सर्वांत आधी मिळायला हवी. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशा घटनेची माहिती सहा तासांत सरकारला द्यावी लागते. तीच माहिती चोवीस तासांत भाडेकरूलाही द्यावी, एवढे त्यात जोडावे.

मागणी तिसरी : दर वाढवा, पण सांगून वाढवा

भाडे नियंत्रण कायद्यात वर्षाला चार टक्के वाढीची तरतूद आहे. तशी मर्यादा आम्ही मागत नाही. सॉफ्टवेअर ही बदलत राहणारी वस्तू आहे, आणि दर गोठवले की दर्जाही गोठतो हे आम्ही भाड्याच्या जुन्या इमारतींत राहून शिकलो आहोत. मात्र नूतनीकरणाच्या साठ दिवस आधी नवा दर रुपयांत कळावा.

आणि नको असलेली गोष्ट गळ्यात मारून दर वाढवू नये. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने वर्कस्पेसच्या व्यावसायिक योजनांत जेमिनी हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन समाविष्ट केले आणि दर वाढवले. ऑस्ट्रेलियात तिथल्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. कोपायलट हे तसेच साधन जोडून वर्गणी वाढवताना, कोपायलटशिवायची जुन्या दराची योजना उपलब्ध आहे हे सुमारे २७ लाख ग्राहकांपासून लपवले, असा आयोगाचा आरोप आहे. निकाल काय लागेल तो लागो. आमचाही प्रश्न तोच आहे. हळदीच्या पट्ट्या छापणाऱ्या अडत्याला कृत्रिम बुद्धिमत्तेची गरज पडेल तेव्हा तो स्वतः मागेल. तोपर्यंत तिच्याशिवायची योजना त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरात दिसावी. सेवा सुरू करायला जितक्या पायऱ्या लागतात त्याहून जास्त पायऱ्या बंद करायला लागू नयेत.

मागणी चौथी : लहान भाडेकरूला ग्राहक माना

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात तेरा प्रकार नोंदवले आहेत. वर्गणीचा सापळा त्यात आहे आणि भाड्याच्या सॉफ्टवेअरची फसवी बिलआकारणीही नाव घेऊन आहे. वाचून आनंद झाला. नंतर लक्षात आले की या तत्त्वांचा आधार ग्राहकाला आहे, आणि ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा हा ग्राहकच नाही.

१९८६ च्या कायद्यात याला एक खिडकी होती. स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेल्या वस्तू आणि सेवा या दोन्ही व्यापारी कारणातून वगळल्या होत्या. २०१९ च्या कायद्यातल्या स्पष्टीकरणात वस्तू राहिल्या, सेवा गेल्या. याचा परिणाम विचित्र आहे. एकट्याने फ्लेक्सचे दुकान चालवणारा माणूस छपाईयंत्र विकत घेतो तेव्हा ग्राहक असतो, आणि त्याच यंत्रावर छापायचे चित्र ज्यात बनते ते सॉफ्टवेअर भाड्याने घेतो तेव्हा ग्राहक नसतो. सगळे जग विकण्याकडून भाड्याकडे वळत असतानाच कायद्याने सेवेकडे पाठ फिरवली.

‘सेवा’ हा शब्द परत आणावा, आणि त्यापुढे जाऊन सूक्ष्म व लघू उद्योगांना सॉफ्टवेअर-सेवेपुरते ग्राहक मानावे. सीमा ठरलेल्याच आहेत : १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची उलाढाल १० कोटींपर्यंत, लघू उद्योगाची १०० कोटींपर्यंत. त्यावरच्यांनी आपापले वकील नेमावेत.

मागणी पाचवी : वाद इथेच सुटावा

मायक्रोसॉफ्टचे पुण्यातले डेटा सेंटर २०१५ पासून आहे, ॲमेझॉनचे मुंबईतले २०१६ पासून. आमच्या वह्या कदाचित आमच्यापासून अडीचशे किलोमीटरवरच असतील. वाद झाला तर मात्र अनेक करार परदेशातल्या न्यायालयाचा किंवा लवादाचा पत्ता देतात. सूक्ष्म व लघू उद्योगांच्या बाबतीत अशी अट निरर्थक मानावी, आणि ठरावीक रकमेपर्यंतचे वाद ऑनलाइन, मराठीसह भारतीय भाषांत ऐकणारा लोकपाल नेमावा. रिझर्व्ह बँकेची लोकपाल योजना नमुना म्हणून पुरेशी आहे.

मागणी सहावी : दीर्घकाळ भाडे भरणाऱ्याला जुनी आवृत्ती ठेवू द्या

ही मागणी विशेषतः आमच्या डिझाइनवाल्यांची आहे. पंधरा वर्षांपूर्वी ओतलेल्या पंपाच्या बॉडीचा सुटा भाग आजही मागितला जातो. तिचे त्रिमितीय मॉडेल ज्या सॉफ्टवेअरमध्ये बनले त्यातच ते नीट उघडते. स्टेपसारख्या सामाईक फाइल-स्वरूपात काढले तर आकार येतो, पण तो कोणत्या मापांतून आणि कोणत्या क्रमाने घडला ते जाते. एक जाडी बदलायची तर नव्याने काढावे लागते. स्वतःच्या जुन्या चित्रासाठी आयुष्यभर भाडे, असा याचा अर्थ होतो.

भाड्यानेच देण्याचा हट्ट सोडायला लावल्याचे उदाहरण जुने आहे. एके काळी आयबीएम आपली यंत्रे फक्त भाड्याने देत असे. १९५६ साली अमेरिकी सरकारबरोबर झालेल्या तडजोडीच्या हुकुमान्वये तिला ती विकायलाही लागली. भारतातही तिची यंत्रे भाड्यानेच चालत, आणि परकीय भांडवलाच्या अटीवरून १९७८ मध्ये ती देश सोडून गेली तेव्हा भाडेकरूंच्या यंत्रांची देखभाल सरकारी सीएमसीला उचलावी लागली.

आम्ही विक्रीची सक्ती मागत नाही. जेटब्रेन्स ही प्रोग्रामरांची साधने बनवणारी कंपनी २०१५ पासून सलग बारा महिने वर्गणी भरणाऱ्याला त्या काळातली आवृत्ती कायमची वापरू देते. नव्या सुधारणा मिळत नाहीत, पण हातातले काम बंद पडत नाही. संगणकावर चालणाऱ्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरला सलग तीन वर्षांच्या भाड्यानंतर हीच सवलत लागू करावी.

विक्रेत्यांना दोन शब्द

या मागण्यांनी भाडे महागेल, असे आपण म्हणाल. थोडे महागेल. माहिती परत देण्याची सोय बांधायला खर्च येतो हे आम्हाला कळते. तो खर्च उघडपणे दरात दाखवा. बाहेरचा दरवाजा उघडा असलेल्या सॉफ्टवेअरला चार पैसे जास्त मोजणारे सभासद आमच्याकडे पुष्कळ आहेत. आणि पुण्या-कोल्हापुरात दहा-वीस माणसांत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांना वर्षभराची जादा मुदत द्यावी, ही सूचना आम्हीच करतो. मात्र एक अट त्यांनाही हवी : धंदा बंद करताना नव्वद दिवस आधी सांगणे आणि प्रत्येकाची माहिती त्याच्या हाती देणे. लहान विक्रेता बुडाला की त्याच्याबरोबर त्याचे सगळे भाडेकरू बुडतात, आणि ते बहुधा त्याच्याच गावचे असतात.

वरील चारही मंत्रालयांनी तीन महिन्यांच्या आत संयुक्त बैठक बोलवावी, तिला विक्रेत्यांचे प्रतिनिधीही असावेत, आणि पहिल्या दोन मागण्यांवरील नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध करावा, ही विनंती. कलमवार टिपण घेऊन आमचे कर सल्लागार आणि डिझाइनवाले सभासद दिल्लीला यायला तयार आहेत. १ एप्रिलला नवे आर्थिक वर्ष सुरू होते आणि आमच्या बहुतेक वर्गण्यांचे नूतनीकरण त्याच सुमारास येते. त्याआधी निदान जीएसटी नेटवर्कच्या मान्यतेतली ती एक ओळ तरी घालावी.

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य